तिकीट न्यूयॉर्कचे, विमान न्यूअर्कला

१९३४ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. टीडब्ल्यूए कंपनीचे एक विमान अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळावर उतरले. प्रवासी आपापल्या बॅगा सावरत बाहेर पडले. एक गृहस्थ मात्र खुर्चीवरून हलेनात. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, अंगाने गोलमटोल, आवाज चिरका आणि चढा. त्यांनी आपले तिकीट पुढे केले. त्यावर न्यूयॉर्क असे छापले होते. आणि न्यूअर्क म्हणजे काही न्यूयॉर्क नव्हे. ते हडसन नदीच्या पलीकडचे, न्यू जर्सी या वेगळ्याच राज्यातले शहर. पैसे न्यूयॉर्कचे घेतले असतील तर न्यूयॉर्कलाच नेऊन सोडा, असा त्या गृहस्थांचा हेका होता. बोरीबंदरचे तिकीट काढलेल्या माणसाला गाडीने कल्याणलाच उतरवून दिले, तर आपणही हेच म्हणू. फरक इतकाच, की आपण चरफडत लोकल पकडू. हे गृहस्थ चरफडून गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते. ते न्यूयॉर्कचे महापौर होते. अखेर कंपनीने हात टेकले आणि विमान पुन्हा उडाले ते न्यूयॉर्क शहराच्या हद्दीत, ब्रुकलिनमधल्या फ्लॉइड बेनेट फील्ड या विमानतळावर जाऊन उतरले. वाटेत महापौरांनी सोबतच्या वार्ताहरांना आपले म्हणणे सविस्तर ऐकवले, हे वेगळे सांगायला नकोच.

या महापौरांचे नाव फिओरेल्लो ला गार्डिया. न्यूयॉर्कला जाऊन आलेल्यांना ते विमानतळाचे नाव म्हणून ठाऊक असते. मुलांना भेटायला न्यू जर्सीला जाणारे आपले कितीतरी आईवडील न्यूअर्कलाच उतरतात आणि पुढे अमेरिकेतल्या दुसऱ्या एखाद्या गावी जायचे असेल, तर कधीतरी ला गार्डियावरून विमान धरतात. पाटीवरच्या त्या नावामागे एक हाडामांसाचा, तापट, हट्टी आणि कमालीचा प्रामाणिक माणूस होता आणि शहराचे दार कोणाच्या ताब्यात असावे, या प्रश्नाशी तो आयुष्यभर झगडला, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

फिओरेल्लो या इटालियन शब्दाचा अर्थ इवलेसे फूल. या फुलाचा जन्म ११ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्येच, मॅनहॅटनच्या ग्रीनिच व्हिलेज भागात झाला. वडील अकिल्ले हे इटलीहून आलेले वादक. अमेरिकेच्या सैन्यात ते बँडमास्टर झाले. आई इरेने ही त्रिएस्त शहरातल्या ज्यू घराण्यातली. वडिलांच्या बदल्यांमुळे मुलाचे बालपण गेले ते दूर पश्चिमेला, अॅरिझोनातल्या प्रेस्कॉट नावाच्या गावात. इटालियन म्हणून शाळेत चेष्टा व्हायची. रस्त्यावर हाताने फिरवायची पेटी वाजवणारा एखादा इटालियन आला, की पोरांना आयतेच निमित्त मिळे. ही सल पुढे कशी वर आली, ते ओघात येईलच.

१८९८ साली अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटले. सैनिकांना पुरवलेले मांस खराब होते. ते खाऊन आजारी पडलेल्या असंख्य लोकांत अकिल्लेही होते. त्यांची प्रकृती पुन्हा सुधारली नाही आणि १९०४ साली ते वारले. आपल्या वडिलांचा जीव पैशाला हपापलेल्या पुरवठादार ठेकेदारांनी घेतला, ही गाठ फिओरेल्लोच्या मनात पक्की बसली. सरकारशी व्यवहार करून पैसा कमावणाऱ्यांकडे त्याने पुढे जन्मभर संशयाने पाहिले, त्याचे मूळ इथे आहे.

विशीत असताना तो युरोपात अमेरिकेच्या वकिलातीत चिकटला. आधी बुडापेस्टला आणि मग आड्रियाटिक समुद्रावरच्या फिऊमे बंदरात. आज ते क्रोएशियात आहे आणि त्याला रिएका म्हणतात. त्या काळी तिथून स्थलांतरितांनी खच्चून भरलेली जहाजे न्यूयॉर्कला सुटत. घरदार विकून निघालेली ही माणसे. अमेरिकेत उतरल्यावर त्यांची वैद्यकीय तपासणी व्हायची आणि कोणाचे डोळे अधू निघाले, कोणाला काही रोग निघाला, की त्याला आल्या पावली परत धाडले जायचे. कुटुंबे तुटायची. तरुण ला गार्डियाने ठरवले, की तपासणी इथेच, जहाजात पाय ठेवण्याआधी झाली पाहिजे. जहाज कंपन्यांना ही कटकट नको होती. त्यांनी तक्रारी केल्या. पण जहाजाला आरोग्याचा दाखला देणे वकिलातीच्या हातात होते, आणि तपासणीशिवाय सही मिळणार नाही म्हणजे नाही. एकदा ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या एका बाईसाहेबांना स्थलांतरित जहाजावर चढतानाचा देखावा पाहायची हौस आली. त्यांच्या सोयीसाठी माणसांना कित्येक तास आधीच जहाजात कोंबावे, असा निरोप आला. या कारकुनाने तो साफ धुडकावला. वरिष्ठांना अशी माणसे आवडत नाहीत. बढती नाकारली गेली, तेव्हा १९०६ साली तो नोकरी सोडून न्यूयॉर्कला परतला.

बंदर असो की विमानतळ, दारावर उभे राहून कोणाला कोणत्या अटीवर आत घ्यायचे आणि कोणाला कोणत्या अटीवर धंदा करू द्यायचा, हे ठरवण्यातली ताकद त्याला फिऊमेत कळली. पुढे १९०७ ते १९१० तो एलिस बेटावर दुभाष्या होता. दिवसा स्थलांतरितांची बोली सरकारला समजावून सांगायची आणि रात्री कायद्याचे वर्ग, असा क्रम होता. १९१० साली वकिलीची पदवी मिळाली आणि १९१६ साली तो चक्क अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला.

विमानांचे वेड त्याआधीच लागले होते. जुझेप्पे बेलांका नावाचा इटलीहून आलेला एक तरुण न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर विमाने बांधत होता आणि उडवायला शिकवत होता. ला गार्डियांनी त्याच्याकडून विमान चालवायचे धडे घेतले आणि बदल्यात त्याला आपली मोटार चालवायला शिकवली. हाच बेलांका पुढे नामांकित विमानरचनाकार झाला. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. युद्धाच्या बाजूने मत देणाऱ्याने घरी बसू नये, असे मानून हा खासदार हवाई दलात भरती झाला. इटलीतल्या फोज्जा इथे, म्हणजे वडिलांच्या गावाच्याच परिसरात, त्याची नेमणूक झाली. काप्रोनी जातीच्या अवजड बाँबफेकी विमानांतून त्याने उड्डाणे केली, एका अपघातात जबर मार खाल्ला आणि मेजर होऊन परतला. विमान म्हणजे श्रीमंतांचा खेळ नसून उद्याच्या दळणवळणाचे साधन आहे, हे त्या वेळच्या राजकारण्यांत ज्या मोजक्यांना उमगले, त्यांत ला गार्डिया होते. त्यांनी ते पुस्तकात वाचले नव्हते, अंगावर झेलले होते.

परतल्यावर नशिबाने क्रूर थट्टा केली. १९२१ च्या एकाच वर्षात आधी तान्ही मुलगी आणि मागोमाग पत्नी थेआ अशा दोघीही गेल्या. मोडून पडलेला हा माणूस कामात बुडून पुन्हा उभा राहिला. १९२३ पासून दहा वर्षे तो पुन्हा प्रतिनिधिगृहात होता. कामगारांच्या संपावर कोर्टाकडून सरसकट मनाई आणण्याच्या मालकांच्या प्रथेला लगाम घालणारा १९३२ चा कायदा सिनेटर नॉरिस यांच्या आणि त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९२९ साली त्यांनी आपल्या विश्वासू सचिव मरी फिशर यांच्याशी लग्न केले. त्याच वर्षी महापौरपदाची निवडणूक लढवली आणि सपाटून मार खाल्ला.

न्यूयॉर्कचा महापौर आणि आपल्याकडचा महापौर यांत फार अंतर आहे. आपल्याकडे कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे. तिथे महापौर हाच शहराचा कारभारी. आणि या खुर्चीवर कित्येक दशके टॅमनी हॉल नावाच्या टोळीची सावली होती. नोकरी हवी तर टॅमनी, ठेका हवा तर टॅमनी, परवाना हवा तर टॅमनी. चौकशीत लफडी बाहेर आली आणि छानछोकीसाठी प्रसिद्ध असलेले महापौर जिमी वॉकर यांना १९३२ साली पायउतार व्हावे लागले. १९३३ च्या निवडणुकीत ला गार्डिया जिंकले आणि १ जानेवारी १९३४ पासून पुरती बारा वर्षे त्यांनी शहर चालवले.

कसे चालवले? जुगाराची यंत्रे पोलिसांकरवी गोळा केली, हातात हातोडा घेऊन स्वतः फोडली आणि पाण्यात बुडवली. १९३५ च्या डिसेंबरात आर्टिचोक या भाजीच्या व्यापारावर गुंडांची पकड असल्याचे कळले. तेव्हा पहाटे भाजीबाजारात तुतारी वाजवून त्यांनी स्वतः मनाईहुकूम वाचला आणि भाजीची विक्रीच बंद केली. गुंडांची पकड सुटली आणि तीन दिवसांत बंदी उठली. गल्लीबोळांतल्या हातगाडीवाल्यांना परवाने देऊन त्यांनी छपराखालच्या मंडयांत नेले. अनेकांना ते रुचले नाही. रस्त्यावरची स्वस्ताई आणि गजबज गेली, असे म्हणणारे तेव्हाही होते. रस्त्यावर पेटी वाजवणाऱ्यांचे परवाने तर त्यांनी सरसकट रद्द केले. प्रेस्कॉटच्या शाळेतली सल ती हीच. १९४५ साली वृत्तपत्रे पोचवणाऱ्यांचा संप झाला, तेव्हा मुलांची चित्रकथा चुकू नये म्हणून ती त्यांनी नभोवाणीवरून स्वतः अभिनयासह वाचून दाखवली. असा माणूस. प्रेमळ आणि जाचक या दोन्ही विशेषणांना सारखाच पात्र.

आता वळू विमानतळाकडे. महापौर न्यूअर्कला हटून बसले ते केवळ तऱ्हेवाईकपणा म्हणून नव्हे. त्यामागे मोठा आर्थिक हिशेब होता. त्या काळी विमानकंपन्यांचे पोट प्रवाशांपेक्षा टपालावर भरत असे. आपल्याकडेही जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला जुहूच्या मैदानावर जे विमान आणले, त्यात टपालच होते. अमेरिकेच्या टपाल खात्याने न्यूयॉर्क परिसरातले हवाई टपालाचे ठाणे म्हणून न्यूअर्कची निवड केलेली होती. जिथे टपाल, तिथे विमान. जिथे विमान, तिथे हँगर, दुरुस्तीचे कारखाने, पेट्रोलचा धंदा, हॉटेले, टॅक्सी आणि हजारो नोकऱ्या. न्यूयॉर्ककर पैसे मोजत होते आणि उत्पन्न नदीपार जात होते. मंदीचे ते दिवस. शहरात बेकारांच्या रांगा लागलेल्या.

न्यूयॉर्कचे स्वतःचे विमानतळ नव्हते असे नाही. फ्लॉइड बेनेट फील्ड हे पालिकेचे विमानतळ १९३१ पासून सुरू होते आणि धावपट्ट्याही उत्तम होत्या. अडचण रस्त्याची होती. न्यूअर्कहून हडसनखालच्या बोगद्यातून मॅनहॅटनला लवकर पोचता येई. ब्रुकलिनच्या टोकावरून मात्र शहराच्या गर्दीतून वाट काढत यावे लागे. ला गार्डियांनी टपाल खात्याकडे दाद मागितली, ती फेटाळली गेली. अमेरिकन एअरलाइन्सला त्यांनी काही काळ ब्रुकलिनहून विमाने सोडायला राजी केले. प्रवाशांच्या मोटारींना पोलिसांचा ताफा देऊ, इथपर्यंत तयारी दाखवली. तरीही प्रयोग फसला. नुसते फर्मान काढून धंदा येत नाही, त्याला सोय लागते, हा धडा मिळाला.

मग जागेचा शोध. क्वीन्स भागात समुद्राच्या खाडीलगत नॉर्थ बीच नावाचे ठिकाण होते. तिथे पूर्वी करमणुकीची बाग होती आणि १९२९ पासून एक लहानसे खासगी विमानतळ. जवळच ट्रायबरो पूल १९३६ साली खुला झाला होता. मॅनहॅटनला जाण्यासाठी नदीखालून बोगदाही व्हायचा होता. जागा अपुरी पडते, तर खाडी बुजवायची. समोरच्या रायकर्स बेटावर शहराच्या कचऱ्याचे डोंगर साठले होते. ते खणून खाडीत ओतले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या रोजगार योजनेतून बहुतांश पैसा आणि मजूर मिळाले. सप्टेंबर १९३७ मध्ये काम सुरू झाले आणि हजारो माणसे पाळ्यापाळ्यांनी रात्रंदिवस राबली. खर्च चार कोटी डॉलरच्या घरात गेला. विरोधकांनी या साऱ्याला फिओरेल्लोचा खुळेपणा म्हणून हिणवले. महापौर मात्र आठवड्यातून अनेकदा बांधकामावर जाऊन उभे राहत.

१५ ऑक्टोबर १९३९ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. टाटांच्या त्या पहिल्या उड्डाणाला त्याच दिवशी बरोबर सात वर्षे होत होती, हा निव्वळ योगायोग. उद्घाटनाला तीन लाखांहून अधिक माणसे लोटली. काही दिवसांतच नगर मंडळाने विमानतळाला महापौरांचे नाव दिले. हयात माणसाचे नाव सार्वजनिक वास्तूला द्यावे का, हा वाद आपल्या ओळखीचाच आहे. २ डिसेंबर १९३९ च्या मध्यरात्रीनंतर टीडब्ल्यूएचे विमान शिकागोहून येऊन उतरले आणि नियमित वाहतूक सुरू झाली. पाच वर्षांपूर्वी तिकिटावरून ज्यांच्याशी भांडण झाले, तीच ही कंपनी. १९४० साली बड्या कंपन्यांनी न्यूअर्क सोडले. मार्च १९४० पासून अटलांटिकपार जाणारी पॅन अमेरिकन कंपनीची पाण्यावर उतरणारी अवाढव्य विमानेही इथूनच सुटू लागली.

इथे थोडे थांबून अमेरिकेतली पद्धत समजून घ्यायला हवी. आपल्याकडे विमानतळ हा पहिल्यापासून केंद्र सरकारचा विषय. मुंबई महापालिका शहराचे पाणी पुरवते, पण सांताक्रूझच्या धावपट्टीवर तिचा हुकूम कधीच चालला नाही. केंद्राच्या प्राधिकरणाकडून २००६ साली मुंबईचे विमानतळ खासगी भागीदारीत गेले, तेव्हाही करार केंद्राच्याच पातळीवर झाला. अमेरिकेत विमान कसे उडावे, वैमानिक कोण असावा हे केंद्र ठरवते. पण खालची जमीन बहुधा शहराची किंवा स्थानिक प्राधिकरणाची असते. त्यामुळे तिथे धंदा करणाऱ्या प्रत्येकाला मालकाच्या अटी पाळाव्या लागतात. विमान उतरवण्याचे शुल्क किती, हँगरचे भाडे किती, इंधन कोणी विकायचे, उपाहारगृहाच्या गल्ल्यातला वाटा किती, टॅक्सी कुठे उभी राहायची, हे सारे स्थानिक नियमांत येते. वैमानिकी शिकवणारा असो की विमान धुणारा, करार केल्याशिवाय फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नाही.

ला गार्डियांनी यातून शहराचे उत्पन्न उभे करायचे मनावर घेतले. विमाने पाहायला माणसे गर्दी करतात, हे ओळखून गच्चीवर जायला दहा सेंट लावले. त्या नाण्यांचा चांगलाच ढीग जमू लागला. घरून डबा बांधून आणायचा, पोराबाळांना घेऊन गच्चीवर बसायचे आणि विमाने मोजायची, ही न्यूयॉर्ककरांची रविवारची करमणूक झाली. थोड्याच काळात हे विमानतळ जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांत गणले जाऊ लागले. खुळेपणा म्हणणारे गप्प बसले.

पण यश आले तशी जागा तोकडी पडू लागली. महापौरांनी शहराच्या दक्षिण टोकाला आयडलवाइल्ड इथे याहून कितीतरी मोठ्या विमानतळाचे काम १९४२ साली सुरू केले. तेच आजचे केनेडी विमानतळ. युद्ध चालू, पैशांची चणचण, आणि खर्चाचे आकडे दर वर्षी फुगत चाललेले. १९४५ च्या अखेरीस तिसरी कारकीर्द संपत आली. पुन्हा निवडणूक न लढवण्याचे त्यांनी ठरवले होते. जाण्यापूर्वी विमानकंपन्यांना नव्या विमानतळाशी बांधून घ्यायचे, म्हणजे त्या पुन्हा नदीपार पळणार नाहीत, या घाईत त्यांनी कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार केले. ते करार कंपन्यांना फार स्वस्तात पडले. त्या दरांत विमानतळाचा खर्च निघणे अवघड होते.

या माणसाच्या आयुष्यातले मोठे कोडे हेच आहे. ठेकेदारांचा जन्मभर तिटकारा केलेला, भाजीवाल्यापासून पेटीवाल्यापर्यंत सगळ्यांना नियमाच्या चाकोरीत बसवणारा हा कारभारी बड्या विमानकंपन्यांपुढे मात्र सैल पडला. लाच घेतली, असे त्यांचा शत्रूही म्हणू शकला नसता. मग असे का झाले? उत्तर बहुधा त्या १९३४ च्या भांडणातच आहे. विमाने न्यूयॉर्कला आणायची, हाच ध्यास इतका मोठा होता, की ती कोणत्या अटींवर आणायची, हा प्रश्न मागे पडला. ज्याला काहीही करून भाडेकरू हवाच असतो, त्याला भाडे मनासारखे मिळत नाही. घर भाड्याने दिलेल्या कोणालाही हे सांगायला नको.

परिणाम लगेच दिसला. नवे महापौर विल्यम ओड्वायर यांच्यापुढे अर्धवट विमानतळ, रिती तिजोरी आणि स्वस्तातले करार एवढे येऊन पडले. स्वतंत्र विमानतळ मंडळ काढून पाहिले, पण ते उभे राहीना. अखेर १ जून १९४७ पासून शहराने आपली विमानतळे पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याने पोर्ट ऑथॉरिटी या संस्थेच्या हवाली केली. ही संस्था न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांनी मिळून १९२१ साली काढलेली. जमीन शहराची राहिली, नियम करायचा अधिकार मात्र गेला. जुन्या करारांवरून पोर्ट ऑथॉरिटीला विमानकंपन्यांशी पुढे बराच काळ झुंजावे लागले. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, न्यूअर्क विमानतळही याच संस्थेच्या ताब्यात आला. ज्या दोन विमानतळांच्या वैरातून ही सारी कहाणी घडली, ते दोघे एकाच छपराखाली आले.

हे सारे होत असताना ला गार्डिया खंगत चालले होते. १९४६ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदत आणि पुनर्वसन संस्थेचे प्रमुख म्हणून त्यांनी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांना धान्य पोचवण्यासाठी धावपळ केली. त्यांची सख्खी बहीण जेम्मा लग्नानंतर बुडापेस्टला राहत होती. नाझींनी तिला राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत डांबले, तिचा नवरा छावणीतच गेला. ती जिवंत सापडली, पण अमेरिकेत यायला परवानगी हवी. भाऊ इतका मोठा, एका शब्दात काम झाले असते. भावाने पैसे धाडले, प्रयत्नही केले. पण लाखो निर्वासित रांगेत उभे असताना आपल्या बहिणीला रांग मोडून आणणे त्यांनी मान्य केले नाही. ती न्यूयॉर्कला पोचली १९४७ साली. भावाबहिणीला एकत्र काही महिनेच मिळाले. २० सप्टेंबर १९४७ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ला गार्डिया वारले, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. बारा वर्षे अमेरिकेतले सर्वांत श्रीमंत शहर हाताळलेल्या माणसाच्या मागे उरले ते एक गहाण घर आणि थोडे युद्धरोखे.

त्यांचे विमानतळ पुढे वाढत गेले आणि थकतही गेले. दाटीवाटीच्या वस्तीतली तोकडी जागा, बाजूला पाणी. त्यामुळे तासाला किती विमाने यावीत, यावर १९६९ साली केंद्राने मर्यादा घातली. लांब पल्ल्याची विमाने केनेडी आणि न्यूअर्ककडे वळावीत म्हणून पंधराशे मैलांपलीकडे थेट विमान सोडायचे नाही, हा पोर्ट ऑथॉरिटीचा स्थानिक नियम १९८४ साली पक्का झाला. डेन्व्हर शहर आणि शनिवार यांचा तेवढा अपवाद. एका विमानकंपनीने त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली, पण नियम टिकला. १९९० च्या दशकात महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी शहराला विमानतळांचे भाडे फार कमी मिळते, अशी तक्रार करून ती परत घेण्याची भाषा केली. २००४ साली शहराला अधिक भाडे देणारा नवा करार झाला. त्याची मुदत २०५० पर्यंत आहे. जुनी कळकट इमारत पाडून उभारलेले मोठे टर्मिनल २०२२ साली पूर्ण झाले. १९४० चे गोल छपराचे सागरी टर्मिनल मात्र जपून ठेवले आहे. त्यातले जेम्स ब्रूक्स यांचे उड्डाणावरचे प्रचंड भित्तिचित्र १९५० च्या दशकात रंग फासून झाकले होते, ते १९८० साली पुन्हा उजेडात आणले गेले.

आपल्याकडे नव्या विमानतळांच्या घोषणा झाल्या की चर्चा होते ती धावपट्टीच्या लांबीची, टर्मिनलच्या देखणेपणाची आणि नावाची. नवी मुंबईच्या विमानतळाच्या वेळीही नावावर मोर्चे निघाले. ला गार्डियांना नाव मिळाले, धावपट्टी मिळाली, विमानेही मिळाली. शहराच्या हातून निसटला तो कराराचा कागद. तो वाचायला कंटाळवाणा असतो, त्याची कोणी छायाचित्रे काढत नाही आणि त्याच्या उद्घाटनाला कोणी येत नाही. पण पुढची पन्नास वर्षे विमानतळाच्या दारावर पहारा करतो तो हाच कागद.